घरच्या शेडमध्ये रेसिंग ट्रक: तपासणीच्या दिवसापासून उलटं मोजत

ट्रक म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर मालवाहू दहाचाकी उभी राहते. त्यांच्याही शर्यती होतात. युरोपातल्या अजिंक्यपद मालिकेत पाच टनांहून जड गाड्या ताशी १६० किलोमीटरच्या मर्यादेत पळतात, आणि त्यांचे ब्रेक थंड ठेवायला पाणी मारावं लागतं. ते काम घरच्या शेडचं नव्हे. या लेखातला ट्रक म्हणजे पिकअप: खाली स्वतंत्र चासी, पुढे इंजिन, मागे हौदा. आणि शर्यत वाळू, दगड, खड्ड्यांची.

या जातीची सगळ्यांत गाजलेली शर्यत मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पावर १९६७ साली सुरू झाली, तिहुआना ते ला पाझ. पहिल्या वर्षी जिंकलेली गाडी कुठल्या कारखान्याची खास शर्यतीसाठी बनवलेली गाडी नव्हती. फोक्सवॅगन बीटलची चासी आखूड करून तिच्यावर फायबरग्लासची बॉडी चढवलेली ती बग्गी होती, मायर्स मँक्स नावाची. २७ तास ३८ मिनिटांत ती पोचली. घरी गाडी बनवणाऱ्याला यातून धीर मिळतो हे खरं, पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ती गाडी ठरल्या दिवशी सुरुवातीच्या रेषेवर उभी होती.

घरी बनणारे बहुतेक ट्रक तिथेच हरतात. वेल्डिंगमुळे उशीर होत नाही. केज (चालकाभोवतीचा पाइपांचा संरक्षक पिंजरा) उभा राहिला, चारी चाकं लागली, फोटो काढण्याजोगं काहीतरी दिसू लागलं की वाटतं निम्मं काम झालं. तेव्हा जेमतेम एक तृतीयांश झालेलं असतं. उरलेलं काम फोटोत दिसत नाही: ब्रेकच्या नळ्या, वायरी, क्लिपा, ब्रॅकेटं, गळती, आणि 'हे बसवलं तर ते बसत नाही'.

आधी नियमपुस्तक, मग ग्राइंडर

पहिला आठवडा गाडीला हात लावू नका. ज्या शर्यतीत उतरायचं तिचं नियमपुस्तक छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन बसा. केजच्या पाइपाचा व्यास, जाडी आणि धातू, सीट आणि पट्ट्यांची मानकं, इंधनटाकी, आग विझवण्याची सोय, मेन स्विच, टो-हुक. गटानुसार इंजिन, टायर आणि सस्पेन्शनवरची बंधनंही पाहून घ्या. एकाच स्पर्धेच्या दोन गटांमध्ये पाइपाची जाडी वेगळी असू शकते, आणि शर्यतीआधी गाडी नियमात बसते का हे बघणारा तपासनीस केजमध्ये छोटं भोक पाडून किंवा अल्ट्रासोनिक यंत्राने ती मोजतो. तिथे 'दुकानदाराने सांगितलं होतं' चालत नाही.

मुदतींकडेही आत्ताच बघा. एसएफआय या अमेरिकी मानक-संस्थेच्या १६.१ मानकाचे सीटबेल्ट तयार झाल्यापासून दोन वर्षं चालतात. एफटी३ मानकाच्या रबरी इंधनटाकीचं आयुष्य पाच वर्षांचं. कुणी मित्र 'अगदी नवे पडून आहेत' म्हणून पट्टे देऊ लागला तर आधी लेबलवरची तारीख वाचा.

वाचता वाचता दोन याद्या करा. एक 'हे नसेल तर गाडी परत पाठवतील' अशी, दुसरी 'असलं तर बरं' अशी. पुढचे तीन-चार महिने दुसरी यादी सतत पहिलीत घुसू पाहील. तिला आवरणं हाच या कामातला निम्मा शहाणपणा.

तासांचा हिशेब

समजा हातात १६ आठवडे आहेत. नोकरी सांभाळून आठवड्यातल्या चार संध्याकाळी अडीच-अडीच तास, शनिवार-रविवारी सात-सात तास. म्हणजे आठवड्याला २४ आणि एकूण ३८४ तास. आता यातले एक तृतीयांश सरळ काढून टाका: पाहुणे, ताप, चुकीचा आलेला पार्ट, संपलेला गॅस, तुटलेलं ड्रिल. उरले २५६. हा खरा आकडा.

आता तपासणीच्या दिवसापासून मागे या. सोळावा आठवडा सामान भरणं, स्पेअर आणि प्रवासाचा. पंधरावा आणि चौदावा चाचणीचा. हे दोन आठवडे कुणालाही उसने द्यायचे नाहीत. तेराव्यात इंजिन चालू होऊन गाडी स्वतःच्या पायांवर शेडबाहेर यायला हवी. अकरा-बारा वायरिंग, नळ्या, पत्रे. दहावा खोलणं, रंग, पुन्हा जोडणं. चौथ्यापासून नवव्यापर्यंत कापणं-वाकवणं-जोडणं. पहिले तीन वाचन, मोजमाप, गाडी उघडणं आणि ऑर्डरी.

ऑर्डरी पहिल्याच आठवड्यात द्यायच्या. शॉक ॲब्सॉर्बर, इंधनटाकी, सीट, बेल्ट आणि डिफरन्शियलचे गिअर यांना सगळ्यांत वेळ लागतो. नवव्या आठवड्यात शॉक यायचे असतील तर त्यांची उघडी-मिटलेली लांबी आणि डोळ्यांची (टोकांच्या बोल्ट-भोकांची) मापं आजच मागवून घ्या, म्हणजे लाकडाची किंवा पाइपाची डमी बनवून काम चालू ठेवता येतं. सीटची मात्र डमी चालत नाही. सीट हातात नसेल तर केज सुरू करू नका. का, ते पुढे येतंय.

गाडी निवडणं आणि उघडणं

चालती गाडी घ्या. 'इंजिन बंद आहे पण किरकोळ काम' अशी स्वस्त गाडी मुदतीच्या कामात सगळ्यांत महाग पडते. चासी गंजलेली नको. हातोडीने ठोकत सगळी फिरा, ठणठण आवाज हवा. जिथे आवाज बसका येतो तिथे गंज आतून खात असतो.

उघडण्याआधी गाडी सपाट जमिनीवर घेऊन चासीचे कर्ण मोजा. पुढच्या डाव्या खुणेपासून मागच्या उजव्या खुणेपर्यंत आणि उलट. ओळंबा सोडून खुणा जमिनीवर उतरवल्या की टेपला मध्ये काही आड येत नाही. दोन कर्णांत पाच-सहा मिलिमीटरहून जास्त फरक आला तर चासी ओढलेली आहे. आधी ती सरळ करून घ्या, नाहीतर पुढची सगळी मापं तिच्यासारखीच तिरकी येतील.

उघडताना प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी. मूळ वायरिंग कापू नका. कनेक्टर सोडवून, नावं लावून, अख्खा हार्नेस (वायरींचा जुडगा) बाहेर काढा. हा एक दिवस जास्त लागतो, पण अकराव्या आठवड्यात तो आठवडाभर वाचवतो.

केज: सीटपासून सुरुवात

माझ्या पहिल्या केजमध्ये मी छत डोळ्यासमोर ठेवून पाइप वाकवले आणि सीट शेवटी बसवली. सगळं वेल्ड झाल्यावर हेल्मेट घालून बसलो तर डोकं सरळ वरच्या पाइपाला टेकलं. सीटची गादी जाडसर निघाली होती, आणि हेल्मेट डोक्यापेक्षा बरंच मोठं असतं हे मी मोजलंच नव्हतं. वरची चौकट कापून पुन्हा केली. साडेतीन आठवडे गेले.

म्हणून क्रम असा. फरशीवर सीट ठोकळ्यांवर ठेवा, स्टिअरिंग आणि पेडल जागेवर धरा, चालक पूर्ण पोशाखात आणि हेल्मेटमध्ये बसवा, पट्टे आवळा. मग हेल्मेटपासून वर आणि बाजूला मोजा. नियम स्पर्धेगणिक बदलतात, पण तीन इंचांपेक्षा कमी जागा मला चालत नाही. हेल्मेट लागू शकेल अशा प्रत्येक पाइपावर शर्यतीसाठीचं कडक पॅडिंग लागतं. पाण्याच्या नळ्यांवर घालतात तो मऊ फोम तिथे शोभेपुरता. खांद्याचे पट्टे ज्या आडव्या पाइपाला जाणार तो खांद्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली हवा. तो फार खाली गेला तर धक्क्यात पट्टे खांदे खाली दाबतात आणि तो भार मणक्यावर येतो.

पाइप कुठला? सीमलेस किंवा मँड्रेलवरून ओढलेला डीओएम. साधा शिवण असलेला पाइप बऱ्याच स्पर्धांना चालत नाही. पिकअपच्या वजनाला पावणेदोन इंच व्यास आणि ०.१२० इंच जाडी हे नेहमीचं माप. जड गाड्यांना दोन इंची मागतात. एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटारशर्यत संघटनेच्या नियमांत मुख्य कमानीला ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २ मिलिमीटर चालतो आणि वाकाची त्रिज्या मध्यरेषेवर व्यासाच्या किमान तिप्पट लागते. पावणेदोन इंची पाइप मीटरला सुमारे ३.१ किलो भरतो. म्हणजे ४० मीटर लागला तर सव्वाशे किलो. 'अजून एक आडवा टाकून देऊ' म्हणण्याआधी हा हिशेब करा. क्रोमोली ४१३० (क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलाद) हलका करता येतो, पण त्याचे जोड जास्त काटेकोर लागतात. पहिल्या गाडीला, घड्याळ चालू असताना, साधा डीओएम आणि मिग वेल्डर पुरे. आर्गॉन-सीओटू मिश्र गॅस, ०.८ किंवा ०.९ मिलिमीटर तार.

आधी रद्दी तुकड्यावर ९० अंशाचा वाक करा आणि गुण्याने तपासा. पाइप सुटल्यावर दोन-तीन अंश उलगडतो. तुमच्या बेंडरवर नेमका किती, हे त्या तुकड्यावरच कळेल. पहिली मुख्य कमान, चालकाच्या पाठीमागची. ती ओळंब्यात उभी करून चार टाके (छोटे, तात्पुरते वेल्ड) मारा. मग वरची चौकट, पुढचे खांब, मग तिरपे. चौकोन धक्क्यात तिरका होतो, त्रिकोण होत नाही; केजचं सगळं शास्त्र एवढंच. त्यामुळे तिरपा पाइप जोडाच्या नेमक्या बिंदूत आला पाहिजे. शेजारी चार इंचांवर येऊन मिळालेला तिरपा पाइप दुसऱ्या पाइपाला मधोमध वाकवायचंच काम करतो. खाचा भोक-करवतीने पाडून कानशीने जुळवा; फट एक मिलिमीटरच्या आत असावी. मोठी फट वेल्डने भरता येते, पण तो जोड भरवशाचा राहत नाही.

पूर्ण केज टाक्यांवर उभा झाल्याशिवाय एकही जोड पुरता वेल्ड करू नका. टाक्यांवर असताना दारं उघडून बघा, सीट आत-बाहेर करा, इंजिनचं झाकण उघडतं का बघा. छताला चिकटलेल्या जोडांच्या वरच्या बाजूला वेल्डरची टॉर्च पोचत नाही, आणि इथे बरेच जण तीन बाजू वेल्ड करून चौथी 'दिसत नाही' म्हणून सोडतात. दोन मार्ग आहेत. छताचा पत्रा कापून नंतर परत बसवायचा, किंवा पायांखालच्या फरशीला भोकं ठेवून केज सहा इंच खाली सोडायचा, वरचे जोड फिरवून पूर्ण करायचे आणि मग उचलून पायाखाली प्लेट सरकवायची. दुसरा मार्ग मला आवडतो. पहिल्यात पत्र्याचं काम वाढतं.

पिकअपमध्ये केजचे पाय फरशीतून खाली चासीला बांधले जातात. तसं केल्यावर कॅबिनखालच्या मूळ रबरी बुशांना अर्थ उरत नाही: चासी केजला हलवते, रबर कॅबिनला वेगळं हलवतं, आणि मधला पत्रा फाटत जातो. त्या जागी ॲल्युमिनियमचे किंवा कडक पॉलियुरेथेनचे ठोकळे घाला.

वेल्डिंगची एक सूचना जिवावरची आहे. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या धातूवर आर्क लावला तर फॉसजीन वायू तयार होतो. तो विषारी आहे, अगदी थोडाही. सफाईला ॲसिटोन वापरा, ते पूर्ण सुकू द्या आणि चिंध्या दूर टाका. जस्ताचा मुलामा असलेलं काहीही वेल्ड करण्याआधी मुलामा घासून काढा. त्याच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो. शेवटच्या वेल्डनंतर अर्धा तास शेड सोडू नका, कारण गादीच्या किंवा चिंधीच्या आत शिरलेली ठिणगी उशिरा पेटते.

सस्पेन्शन: इथे हाव आवरा

मागे फोर-लिंक (पाट्यांऐवजी चार दांड्यांवर धुरी धरणारी रचना) बसवायचा मोह प्रत्येकाला होतो. मुदतीच्या पहिल्या गाडीत कमान पाटेच ठेवा, हे माझं ठाम मत. फोर-लिंकला आठ सांधे, चासीवर नवे ब्रॅकेट, धुरीवर नवा पूल, इंधनटाकीच्या जागेची मारामारी. नवशिक्याचे तीन आठवडे त्यात सहज जातात. लांब, मऊ पाट्यांचा संच, योग्य कोनातला शॅकल आणि धुरी पिळू नये म्हणून एक ट्रॅक्शन बार, एवढ्यावर गाडी शर्यत पूर्ण करते.

पुढच्या चाकांना आधी मोजमाप, मग शॉक. चाकाची एकूण हालचाल ४०० मिलिमीटर हवी आहे असं धरा. शॉक आर्मवर अशा ठिकाणी बसतो की चाक १० मिलिमीटर हललं की शॉक ७ हलतो. म्हणजे गुणोत्तर ०.७. मग शॉकला २८० मिलिमीटर स्ट्रोक लागेल. बारा इंची शॉकचा स्ट्रोक ३०५ असतो, दोन्ही टोकांना मिळून २५ मिलिमीटर शिल्लक. ही शिल्लक चैन नाही. वर बंप-स्टॉप (धक्का झेलणारा ठोकळा) आणि खाली लिमिट स्ट्रॅप (चाक फार खाली लोंबू न देणारा पट्टा) यांनी चाक थांबवायचं असतं. शॉक स्वतः टोकाला धातूवर धातू आपटला तर एक-दोन उड्यांतच आतला भाग किंवा डोळा तुटतो. नायलॉनची स्ट्रॅप भाराखाली ताणते, तेही धरून तिची लांबी कमी ठेवा.

स्प्रिंगचा हिशेब घरीच होतो. एका पुढच्या कोपऱ्यावर स्प्रिंगवर बसणारं वजन ३५० किलो, म्हणजे चाकाशी साधारण ३,४३० न्यूटन. गुणोत्तर ०.७, म्हणून स्प्रिंगवर येतात ४,९००. उभ्या गाडीत, प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब) धरून, स्प्रिंग १६० मिलिमीटर दबलेली हवी असेल तर ताठरता मिलिमीटरला सुमारे ३०.६ न्यूटन, बाजारच्या भाषेत १७५ पौंडांची (म्हणजे इंचाला १७५ पौंड) स्प्रिंग. चाकाशी मात्र ती गुणोत्तराच्या वर्गाने कमी होते: ०.४९ ने गुणलं की १५. गाडीचं डुलणं सेकंदाला जेमतेम एक वेळा येतं, खडबडीत वाटेला ते ठीक. 'कडक स्प्रिंग टाक' असं सांगणारे बरेच भेटतील. त्यांना त्यांचं गुणोत्तर विचारा.

आता स्प्रिंग काढून, फक्त जॅकवर, चाक तळापासून वरपर्यंत फिरवा. दर २५ मिलिमीटरला थांबून चाकाचा टो (वरून पाहता चाक किती आत-बाहेर वळलंय ते) मोजा. चाकाऐवजी सरळ पट्टी बोल्ट केली की दोन टेपमध्ये काम होतं. चाक वर-खाली होताना आपोआप वळत असेल तर टाय-रॉडचं टोक चुकीच्या उंचीवर आहे. वॉशर किंवा स्पेसरने ते हलवत राहा. पूर्ण हालचालीत फरक दोन-तीन मिलिमीटरवर आला की पुढे चला, परिपूर्णतेच्या नादी लागू नका. त्याच वेळी स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघा: ब्रेकची नळी ताणते का, टायर पत्र्याला लागतो का, सांधा अडकतो का. हे सगळं स्प्रिंग घातल्यावर दिसत नाही.

जिथे बोल्ट कातरला जाईल असा भार आहे तिथे दोन्ही बाजूंनी कान (भोक पाडलेल्या जाड पट्ट्या) द्या आणि बोल्टचा गुळगुळीत भाग कानात बसेल अशी लांबी निवडा. आटे कानात आले तर तिथूनच तो तुटतो. रॉड-एंडच्या (दांड्याच्या टोकाच्या गोळीवाल्या सांध्याच्या) बाहेर मोठा वॉशर लावा. गोळी निसटली तरी दांडा सुटून जात नाही.

चाकं मोठी केली की

मूळ २९ इंची टायर काढून ३५ इंची लावले तर दोन गोष्टी बिघडतात. गिअरिंग सुमारे २१ टक्के लांबतं: ३.७३ चा डिफरन्शियल असेल तर मूळ दम परत मिळवायला ४.५ च्या आसपासचा संच लागेल, ४.५६ सहसा मिळतो. आणि तेवढंच पेडल दाबून रस्त्यावर मिळणारा ब्रेकचा जोर १७ टक्के घटतो, त्यात चाकाचं वाढलेलं वजन वेगळं. म्हणून इंजिनवर वेळ घालवू नका, ब्रेकवर घाला. चांगलं फ्लुइड, जाड डिस्क, नव्या धातूच्या जाळीच्या नळ्या, आणि जमलं तर पुढे-मागे वेगळे मास्टर सिलिंडर. इंजिन मूळ अवस्थेत ठेवून फक्त बेल्ट, होज, थर्मोस्टॅट, वॉटर पंप बदला.

धूळ, उष्णता, इंधन

इंजिनाचा शत्रू धूळ. एअर फिल्टरच्या कडेला ग्रीसचं बारीक अस्तर द्या आणि शक्य असेल तर हवा कॅबिनमधून घ्या, तिथे धूळ कमी असते. रेडिएटरला पूर्ण आच्छादन आणि दोन पंखे. इंधनटाकी मागच्या धुरीच्या पुढे, चासीच्या आत, कॅबिनपासून धातूच्या भिंतीने वेगळी. हवेच्या नळीला उलटल्यावर बंद होणारा व्हॉल्व्ह.

वायरिंग

याच टप्प्यावर 'रात्र थोडी सोंगं फार' होतं. म्हणून मूळ हार्नेसमधली फक्त इंजिनची शाखा ठेवा आणि बाकी सगळं नवं, कमीत कमी करा: पंखे, पंप, दिवे, हॉर्न, रेडिओ. आधी कागदावर आकृती, मग टेबलावर फळीवर मांडणी, मग गाडीत.

पंख्यासारख्या २० अँपिअरच्या ओझ्याला पाच मीटरवर २.५ चौरस मिलिमीटरची तार टाकली तर वाटेतच सुमारे ०.७ व्होल्ट गळतात. ६ ची टाकली तर ०.३ च्या आत. मोठं ओझं रिलेवरून, फ्यूज बॅटरीच्या शेजारी. टोकं चांगल्या क्रिंपरने दाबा. नुसतं सोल्डर केलेली तार कंपनात सोल्डरच्या कडेशीच तुटते. पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट, आणि प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना नाव. रात्री अकरा वाजता वाळवंटात उताणं पडून तुम्हीच ते वाचणार आहात.

मेन स्विचची खोच नीट ऐका. पहिल्या गाडीवर तपासनिसाने बाहेरची कळ ओढली आणि इंजिन निवांत चालू राहिलं. मी फक्त बॅटरी तोडली होती. ॲल्टरनेटर इग्निशनला वीज पुरवतच होता. स्विच असा हवा जो दोन्ही तोडतो, शिवाय ॲल्टरनेटरची ऊर्जा जिरवायला त्यावर छोटा रेझिस्टर असतो. आतून पट्टे बांधलेल्या चालकाचा हात पोचला पाहिजे, बाहेरून मदतनिसाचा. बाहेरच्या कळीशी पांढऱ्या कडेच्या निळ्या त्रिकोणात लाल ठिणगी. अग्निशामकाच्या कळीशी पांढऱ्या वर्तुळात लाल 'ई'.

खोलणं, रंग, परत जोडणं

दहाव्या आठवड्यात सगळं खोलून रंगवायचं असं वर लिहिलंय, पण उशीर झाला असेल तर रंग सोडा. चासी आणि केजला ब्रशने प्रायमर मारा. बिनरंगाची गाडी तपासणीत नापास होत नाही. उलट उघड्या धातूवर आणि फिक्या प्रायमरवर भेगा लवकर दिसतात, म्हणून मी चाचणी होईपर्यंत काळा रंग लावतच नाही. जोडताना प्रत्येक महत्त्वाचा बोल्ट टॉर्क पान्याने आवळून त्यावर मार्करची आडवी रेघ ओढा. पुढे रेघ सरकली का एवढंच बघायचं.

चालवून पाहणं

पहिले दहा किलोमीटर हळू, सपाटीवर. परत या, गाडी उचला, रेघा बघा. कुठेतरी काहीतरी हललेलं असतंच. हललं नसेल तर नीट बघितलेलं नाही. नंतर तीस किलोमीटर, मध्यम वेगात, खड्ड्यांसह. पुन्हा रेघा, पुन्हा गळती, आणि बंप-स्टॉपवर खुणा. मग शंभर, शर्यतीच्या वेगाच्या जवळपास, शेजारी सहचालक बसवून. त्याच्याकडे वही: तापमान, तेलाचा दाब, आवाज, वास. शॉकची सेटिंग एका वेळी एकच बदला आणि वहीत लिहा.

चाचणीत रात्रीची एक फेरी हवी. दिवे कुठे पडतात, गेज दिसतात का, डॅशचं प्रतिबिंब काचेत येतं का. एकदा टायर बदलून घड्याळ लावा, तेही वाळूत, गाडीतलाच जॅक वापरून. अंगणातल्या फरशीवर चालणारा जॅक वाळूत रुततो, त्याला लाकडाची फळी लागते.

चालक अडकलेल्या पट्ट्यांतून किती सेकंदांत बाहेर येतो तेही मोजा. हेल्मेटला जोडलेला मानरक्षक हॅन्स घालूनच मोजा. हे उपकरण बायोमेकॅनिक्सचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड यांनी आपले मेव्हणे आणि रेसचालक जिम डाउनिंग यांच्यासोबत १९८० च्या दशकात तयार केलं. त्याने मान वाचते, पण खांद्यावर ते बसलं की छोट्या खिडकीतून बाहेर पडायची सवय मुद्दाम करावी लागते. पहिल्या प्रयत्नात बहुतेक जण खिडकीच्या जाळीच्या कडीपाशी अडकतात.

शेवटचे सात दिवस

नवीन काहीही बसवायचं नाही. कुणी चांगला इंटरकॉम देऊ केला तरी नाही. या आठवड्यात फक्त बदलण्याचं आणि भरण्याचं काम: तेलं, फिल्टर, चाचणीत चुरगळलेले बुश. स्पेअरच्या पेटीत टाय-रॉड, एक ॲक्सल, पंख्याचा आणि ॲल्टरनेटरचा बेल्ट, फ्यूज, रिले, होज क्लॅम्प, चाकाचे स्टड, ब्रेक फ्लुइड, रॅचेट पट्टे आणि गाडीवरच्या प्रत्येक मापाचा एक तरी पाना. पेटी पूर्ण भरल्यावर ती गाडीत बांधून एक फेरी मारा, खडखडते का ते ऐका.

तपासणीच्या आदल्या रात्री नियमपुस्तकाची ती पहिली यादी काढा. दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या आणि तुम्ही प्रत्येक वस्तूवर बोट ठेवा: बेल्टची तारीख, हेल्मेटचं लेबल, अग्निशामकाच्या सिलिंडरचा दाब, टो-हुकाचा रंग, खिडकीची जाळी, स्विच, क्रमांक. मेन स्विच ओढा. इंजिन बंद पडलं पाहिजे.